आवाज आणि ओठ जुळेनात : एचडी व्हिडिओच्या सिंकबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एचडी फाइल लावली, चित्र झकास दिसतंय, पण माणसं आधी बोलतात आणि तोंड नंतर उघडतात. ही तक्रार इतक्या वेगवेगळ्या रूपांत येते की सगळ्यांना एकच उत्तर देऊन भागत नाही. खालचे प्रश्न लोक विचारतात जवळपास त्याच शब्दांत ठेवले आहेत. घाईत असाल तर निदान प्रश्न २ वाचा. पुढचं कुठलं उत्तर तुमच्या कामाचं, हे तिथेच ठरतं.

१. सिंक खरंच बिघडलंय की मलाच तसं वाटतंय, हे कसं ओळखायचं?

चेहरा जवळून दिसतोय असा प्रसंग निवडा आणि प, ब, म या अक्षरांकडे लक्ष ठेवा. शाळेत शिकलेले हे ओष्ठ्य वर्ण. ते उच्चारताना ओठ मिटावेच लागतात, त्यामुळे ‘बाबा’, ‘मामी’, ‘पाणी’ असा शब्द आला की ओठ उघडण्याचा आणि आवाज फुटण्याचा क्षण एकच हवा. क, ग, त, न या अक्षरांवरून काही कळत नाही, कारण ती तोंडाच्या आत उमटतात. माणसांऐवजी आघातही चालतो : टाळी, तबल्यावरची थाप, आपटलेलं दार.

किती फरक चालतो, याचं मोजमाप झालेलं आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८च्या ‘बीटी.१३५९’ या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा १२५ मिलिसेकंद मागे पडला की फरक जाणवायला लागतो. ९० पुढे किंवा १८५ मागे गेला की तो खपवून घेण्यापलीकडे जातो. दोन्ही बाजूंच्या आकड्यांत एवढी तफावत आहे, कारण खऱ्या आयुष्यातही आवाज उशिराच पोचतो. लांबवर धोबी कपडे आपटताना दिसतो आधी आणि ऐकू येतो नंतर. उलटा अनुभव निसर्गात मिळत नाही, म्हणून आधी आलेला आवाज मेंदूला लगेच खटकतो.

२. सगळ्यात आधी काय तपासू?

फरकाची जात. सेटिंगला हात लावायच्या आधी फाइल तीन ठिकाणी पाहा : सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी. तीनपैकी एक प्रकार दिसेल.

फरक सगळीकडे सारखाच असेल तर तो स्थिर फरक. हा सगळ्यात सोपा, एक आकडा बदलून जातो (प्रश्न ३ आणि ४). मात्र प्रत्येक फाइलला तेवढाच फरक येत असेल तर दोष फाइलचा नाही. टीव्ही, साउंडबार किंवा हेडफोनकडे वळा (प्रश्न ९ आणि १०).

सुरुवातीला सगळं जुळतं, अर्ध्या तासाने थोडं सुटतं आणि शेवटी पार विसंवाद होतो, हा वाढत जाणारा फरक. इथे आवाज कितीही मागेपुढे केला तरी तो एकाच जागी जुळेल आणि बाकी सगळीकडे बिघडेल. लोक सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया घालवतात. त्यासाठी प्रश्न ११ ते १३.

तिसरा प्रकार लहरी. मारामारीच्या किंवा पावसाच्या दृश्यात चित्र अडखळतं, मागे पडतं, मग सावरतं. हा बहुतेक वेळा यंत्राच्या ताकदीचा प्रश्न असतो (प्रश्न ५ आणि ६). अमुक एका मिनिटापासून अचानक बिघडतं आणि तसंच राहतं, असं असेल तर प्रश्न १५.

सोबत दोन अदलाबदली करून पाहा. तीच फाइल दुसऱ्या प्लेअरमध्ये लावा, आणि साधा तारेचा इअरफोन जोडून ऐका. पाच मिनिटांच्या या कामाने निम्मे संशयित बाद होतात.

३. व्हीएलसीमध्ये आवाज मागेपुढे कसा करायचा? बाकीच्या प्लेअरचं काय?

व्हिडिओ चालू असताना कीबोर्डवरचं ‘के’ दाबलं की आवाज ५० मिलिसेकंदांनी उशिरा येतो, ‘जे’ दाबलं की ५० मिलिसेकंदांनी लवकर. हे विंडोज आणि लिनक्सवर. मॅकवर बटणं वेगळी आहेत, तिथे विंडो मेनूतलं ट्रॅक सिंक्रोनायझेशन उघडणं सोपं. विंडोजवर हीच खिडकी टूल्स मेनूत आहे आणि तिथे थेट आकडा लिहिता येतो.

अधिक-उण्याचा घोळ नेहमीचा आहे, तेव्हा एकदाच सांगतो : आवाज आधी येत असेल तर अधिक आकडा, उशिरा येत असेल तर उणे. अधिक म्हणजे आवाजाला थांबवून ठेवणं.

एमपीसी-एचसीमध्ये नंबरपॅडवरचं अधिक आणि उणे, दर दाबाला १० मिलिसेकंद. बारीक जुळवणीसाठी हे फार सोयीचं. एमपीव्हीमध्ये कंट्रोलसोबत अधिक किंवा उणे, पण तिथे एका दाबाला १०० मिलिसेकंद सरकतात. कोडीमध्ये व्हिडिओ चालू असताना ऑडिओ सेटिंगमध्ये ऑडिओ ऑफसेट सापडेल. तोच आकडा सगळ्या फाइलींना लावायची सोयही तिथेच आहे.

आकडा शोधताना आधी मुद्दाम जास्त सरकवा, फरक उलट्या बाजूला गेलेला दिसू द्या, मग मधली जागा शोधा. एकाच बाजूने हळूहळू जवळ जात राहिलात तर डोळ्याला सवय होते आणि ‘झालं वाटतं’ म्हणून आपण लवकर थांबतो.

४. दर वेळी फाइल उघडली की पुन्हा तेच करावं लागतं. कायमचं नाही का होणार?

होतं. एमकेव्हीटूलनिक्स हे मोफत साधन घ्या. त्यात फाइल ओढून टाका, खालच्या यादीतला आवाजाचा ट्रॅक निवडा, डिले नावाच्या रकान्यात प्रश्न ३ मध्ये सापडलेला आकडा मिलिसेकंदांत लिहा आणि मल्टिप्लेक्सिंग सुरू करा. चिन्हाचा नियम तोच. नवी एमकेव्ही फाइल तयार होते आणि वेळ साधारण फाइल कॉपी करायला लागतो तेवढाच लागतो, कारण चित्र किंवा आवाज पुन्हा एन्कोड होत नाही (नव्याने दाबून साठवला जात नाही), फक्त वेळेचे शिक्के बदलतात. दर्जा तसूभरही कमी होत नाही.

नवी फाइल शेवटपर्यंत तपासल्याशिवाय मूळ फाइल उडवू नका.

सगळ्याच फाइलींना ठरावीक फरक येत असेल तर फाइली बदलत बसणं चूक. व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘सर्व’ सेटिंग दाखवून ऑडिओ विभागात डीसिंक्रोनायझेशन कॉम्पेन्सेशन असतं, तिथे आकडा एकदा भरून ठेवा. पुढे नवे हेडफोन घेतलेत की तो आकडा शून्य करायला विसरू नका.

५. ७२०पी मस्त चालतं, पण १०८०पी किंवा फोरके लावलं की चित्र मागे पडतं आणि आवाज पुढे पळतो. असं का?

बहुतेक प्लेअर आवाजाला घड्याळ मानतात आणि चित्राला त्याच्या मागे चालवतात. आवाज तुटला तर कानाला लगेच बोचतं, दोन-चार फ्रेम गळाल्या तर डोळा बऱ्याचदा माफ करतो, म्हणून ही रचना. शिवाय आवाज उलगडायला प्रोसेसरला फारसे कष्ट पडत नाहीत. चित्राचं तसं नाही. १०८०पीच्या एका फ्रेममध्ये सुमारे २१ लाख बिंदू असतात, फोरकेमध्ये सुमारे ८३ लाख. प्रोसेसर दमला की आधी फ्रेम गळतात, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर चित्र मागे राहतं.

उपाय म्हणजे हे काम ग्राफिक्स चिपकडे सोपवणं. व्हीएलसीमध्ये प्रेफरन्सेस, मग इनपुट-कोडेक्स, तिथे हार्डवेअर-अ‍ॅक्सेलरेटेड डिकोडिंग ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा. काम खरोखर चिपकडे गेलं का, हे विंडोज १० किंवा ११ च्या टास्क मॅनेजरमध्ये दिसतं : परफॉर्मन्स टॅबमध्ये जीपीयू निवडा आणि ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख हलतोय का बघा. तो सपाट आणि सीपीयू शंभरीच्या आसपास, म्हणजे सगळा भार अजून प्रोसेसरवरच आहे.

चिपलाही मर्यादा आहेत. फोरके फाइली बहुधा एचईव्हीसी या कोडेकमध्ये (चित्र दाबून साठवायच्या पद्धतीत) असतात, आणि त्यातही १०-बिट, म्हणजे रंगांच्या जास्त छटांच्या. इंटेलच्या सहाव्या पिढीत ८-बिट एचईव्हीसीची सोय चिपमध्ये आली, १०-बिटची सातव्या पिढीत. एव्ही१ या आणखी नव्या कोडेकसाठी अकरावी पिढी किंवा एनव्हिडियाचं आरटीएक्स ३० मालिकेचं कार्ड लागतं, दोन्ही २०२० मधले. त्याआधीच्या यंत्रावर एव्ही१ फोरके लावून सिंक शोधणं व्यर्थ आहे. १०८०पीची आवृत्ती घ्या आणि सुखाने बघा.

लॅपटॉप बॅटरीवर असेल तर पॉवर सेव्हर बंद करा आणि ब्राउझरमधले पंचवीस टॅबही. सांगायला साधं आहे, पण बऱ्याच तक्रारी एवढ्यावरच मिटतात.

६. लॅपटॉप नवाकोरा आहे, फोरकेसुद्धा चालतं, तरी एक १०८०पी फाइल मात्र अडखळते. तिच्यात काय आहे?

मीडियाइन्फो या मोफत साधनात फाइल उघडा. व्हिडिओच्या खाली एव्हीसी (म्हणजेच एच.२६४ हा कोडेक) लिहिलंय आणि बिट डेप्थ १० आहे, असं दिसलं तर उत्तर सापडलं. एच.२६४ चा हा १०-बिट प्रकार जपानी अ‍ॅनिमेच्या फाइलींत भरपूर वापरला गेला, पण ग्राफिक्स चिप बनवणाऱ्यांनी त्याच्याकडे जवळपास पाठच फिरवली. म्हणून सगळा भार प्रोसेसरवर येतो. नव्या प्रोसेसरला तो सहसा झेपतो. टीव्हीला आणि स्वस्त अँड्रॉइड बॉक्सला झेपत नाही, तिथे पडदा काळा होतो किंवा चित्र फाटतं. अशी फाइल हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या साधनातून ८-बिट करून घेणं हाच मार्ग.

७. एखादा कोडेक पॅक टाकला तर सुटेल का?

नको. व्हीएलसी, एमपीव्ही, एमपीसी-एचसी यांच्यात लागणारे डिकोडर (फाइल उलगडणारे भाग) आधीच असतात. वरून पॅक टाकला की एकाच कामाला दोन-तीन दावेदार तयार होतात आणि कुठला कधी पुढे येतो ते कळेनासं होतं. विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरला एचईव्हीसीसाठी मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधलं विकतचं एक्स्टेन्शन लागतं. ते नको असेल तर दुसरा प्लेअर वापरा, गोष्ट संपली.

८. लॅपटॉपवर बरोबर चालतं, पण तीच फाइल पेन ड्राइव्हवरून टीव्हीला लावली की बिघडते.

टीव्हीचा आतला प्लेअर हा टीव्हीचा सगळ्यात दुर्लक्षित भाग असतो. यूएसबी २.० चा पोर्ट सेकंदाला ४८० मेगाबिटांचा आहे, म्हणजे कागदावर भरपूर. अडतं ते सहसा रेंगाळणाऱ्या पेन ड्राइव्हपाशी किंवा टीव्हीच्या डिकोडरपाशी. टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत कुठला कोडेक, किती रिझोल्यूशन आणि किती बिटरेट चालेल याचा तक्ता असतो. तो एकदा वाचा.

घरच्या नेटवर्कवरून चालवत असाल तर एक उलटी गंमत लक्षात ठेवा. भल्याभल्या टीव्हींचा लॅन पोर्ट फक्त १०० मेगाबिटांचा असतो, आणि अल्ट्रा एचडी ब्ल्यू-रेचा दर १२८ मेगाबिटांपर्यंत जाऊ शकतो. अशा फाइलला तार तोकडी पडते आणि ५ गिगाहर्ट्झचं वायफाय पुरतं. तार नेहमीच बरी, हा नियम इथे चालत नाही.

टीव्हीवर चित्र आहे पण आवाज अजिबात नाही, हा सिंकचा मामला नव्हे. डीटीएस आवाज बऱ्याच टीव्हींना उलगडता येत नाही. सॅमसंगने तर २०१८ पासूनच्या टीव्हींतून तो काढूनच टाकला. फाइलमध्ये डॉल्बी किंवा एएसीचा दुसरा ट्रॅक असेल तर तो निवडा.

९. साउंडबार लावल्यापासून सगळंच मागेपुढे झालंय. दोष कुणाचा?

दोघांचाही थोडा थोडा. टीव्ही चित्र दाखवण्याआधी त्यावर काम करतो, हालचाल गुळगुळीत करतो, कडा ठळक करतो, आणि त्यात वेळ जातो. स्वतःच्या स्पीकरसाठी टीव्ही आवाज तेवढाच थांबवून धरतो, म्हणून तुम्हाला पत्ता लागत नाही. बाहेरच्या साउंडबारकडे आवाज गेला की हा हिशेब मोडतो.

आवाज आधी येत असेल तर टीव्हीच्या साउंड मेनूत जा. डिजिटल आउटपुट ऑडिओ डिले, एव्ही सिंक अशा नावांनी सोय असते, साउंडबारच्या रिमोटवरही असू शकते. आवाज उशिरा येत असेल तर हीच बटणं कुचकामी, कारण न आलेला आवाज कुणी लवकर आणू शकत नाही. तिथे उशीर कुठे होतोय ते शोधून कमी करावा लागतो. टीव्हीचं डिजिटल आउटपुट पास-थ्रूवरून (आवाज न उलगडता पुढे पाठवणं) पीसीएमवर (टीव्हीनेच उलगडून पाठवणं) आणून पाहा, साउंडबारमधले सराउंड परिणाम बंद करा, आणि जोडणी ब्लूटूथने असेल तर ती एचडीएमआयने करा.

एचडीएमआयमध्ये आपोआप जुळवणीची सोय १.३ आवृत्तीपासून, म्हणजे २००६ पासून आहे, पण ती ऐच्छिक होती. २.१ सोबत आलेल्या ई-आर्कमध्ये (टीव्हीकडून साउंडबारकडे आवाज नेणारी एचडीएमआयची सोय) मात्र ती सक्तीची आहे. दोन्ही यंत्रांना ई-आर्क असेल तर तोच पोर्ट वापरा, आणि टीव्हीच्या मेनूत ई-आर्क चालू आहे का ते बघा. ते बऱ्याचदा बंद सापडतं.

१०. ब्लूटूथ इअरफोनवर यूट्यूब नीट चालतं, पण डाउनलोड केलेली फाइल नाही.

ब्लूटूथवर नेहमीच्या एसबीसी पद्धतीने आवाज पोचायला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. फोनला इअरफोनकडून या उशिराचा अंदाज मिळू शकतो आणि चांगलं अ‍ॅप तेवढंच चित्र थांबवून धरतं. यूट्यूब ते करतं, कुठला तरी साधा प्लेअर करत नाही. एवढाच फरक. प्लेअर बदला, नाहीतर प्रश्न ३ प्रमाणे आवाज उणे २०० च्या आसपास नेऊन जुळवा. गेममध्ये हा मार्ग नाही, कारण बटण दाबल्यावर चित्र थांबवून ठेवता येत नाही. तिथे तारच.

११. पहिली दहा मिनिटं सगळं बरोबर असतं. शेवटापर्यंत कित्येक सेकंदांचा फरक पडतो. कसं जुळवू?

आवाज आणि चित्र वेगवेगळ्या गतीने चालताहेत. गती कुठली, हे फरकाच्या आकड्यावरूनच ओळखता येतं.

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. अमेरिकेत १९५३ मध्ये रंगीत टीव्हीचं एनटीएससी मानक ठरलं तेव्हा ३० फ्रेमचा वेग किंचित उतरवून २९.९७ केला गेला, आणि त्याच प्रमाणात सिनेमाचे २४ उतरून २३.९७६ झाले. आपल्याकडे आणि युरोपात पाल पद्धत, सेकंदाला २५ फ्रेम. तिथे टीव्हीसाठी सिनेमा सरळ २५ ने पळवतात. संवाद चार टक्के लवकर संपतात आणि गाण्याची पट्टी जवळपास पाऊण अर्धस्वराने चढते. तयार कान असलेल्याला ते लगेच कळतं.

आता हिशेब. तासाला साडेतीन सेकंदांच्या आसपास फरक पडत असेल तर २४ आणि २३.९७६ ची गल्लत आहे (नेमका ३.६ सेकंद). तासाला सुमारे अडीच मिनिटं पडत असेल तर २३.९७६ च्या चित्राला २५ चा आवाज जोडलाय, किंवा उलट.

उपाय दोन. पहिला मला जास्त आवडतो : आवाजाला हात न लावता चित्राची गती बदलायची. एमकेव्हीटूलनिक्समध्ये व्हिडिओ ट्रॅक निवडून डिफॉल्ट ड्युरेशनच्या रकान्यात आवाजाला जुळेल तो फ्रेमदर लिहायचा. पुन्हा एन्कोड काही होत नाही. फक्त फाइलमधल्या सबटायटलना त्याच प्रमाणात ताणावं लागतं. त्यासाठी तिथेच स्ट्रेच बायचा रकाना आहे. तो आवाजाच्या ट्रॅकवर मात्र वापरू नका, त्या साधनाच्या माहितीपुस्तिकेतच तसं बजावलं आहे.

दुसरा उपाय आवाज बदलण्याचा. ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या साधनात आवाज उघडून वेग बदलायचा. २५ वरून २३.९७६ वर यायचं तर उणे ४.०९६ टक्के. पळवताना पट्टी चढलेली असेल तर चेंज स्पीड वापरा, म्हणजे वेगासोबत पट्टीही मूळ जागी येते. पट्टी आधीच सावरलेली असेल तर चेंज टेम्पो.

१२. मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ फोनवर छान दिसतो. कॉम्प्युटरवर एडिट केला की आवाज सुटत जातो.

फोन ठरावीक वेगाने चित्रण करत नाही. उजेड कमी झाला की प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ देतो, त्यामुळे सेकंदाला ३० फ्रेमच्या ठिकाणी २४ च भरतात, उन्हात पुन्हा ३०. प्रत्येक फ्रेमवर वेळेचा शिक्का असतो, म्हणून प्लेअरला अडचण येत नाही. एडिटर मात्र सगळ्या फ्रेम सारख्या अंतराच्या धरून चालला की आवाज घसरतो. मीडियाइन्फोमध्ये फ्रेम रेट मोड ‘व्हेरिएबल’ दिसेल.

एडिट करण्याआधी, नंतर नव्हे, फाइल हँडब्रेकमधून काढा. व्हिडिओ टॅबमध्ये कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडा आणि आकडा ‘सोर्ससारखा’ न ठेवता ३० किंवा जो असेल तो लिहा. हे पुन्हा एन्कोड करणं आहे, त्यामुळे क्वालिटी थोडी चढी ठेवा. स्क्रीन रेकॉर्डिंगलाही हेच औषध.

१३. लग्नाच्या व्हिडिओत सीमांतपूजन जुळतं, मंगलाष्टकांपर्यंत अर्धा सेकंद फरक पडतो. फ्रेमदर तर बरोबर आहे.

आवाज कॅमेऱ्याचा नसून मिक्सरला जोडलेल्या वेगळ्या रेकॉर्डरचा असणार. दोन यंत्रांतली दोन क्वार्ट्झ घड्याळं कधीच तंतोतंत सारखी चालत नाहीत. दहा लाखांत ५० एवढी तफावत अगदी सामान्य, आणि तिने तासाला ०.१८ सेकंद सरकतात. तीन तासांत अर्धा सेकंद झालाच.

व्हिडिओ करणाऱ्याकडून कॅमेऱ्याच्या मूळ क्लिप मागून घ्या. त्यात कॅमेऱ्याचा स्वतःचा कच्चा आवाज असतो, त्याच्याशी सुरुवातीची आणि शेवटची एकेक खूण जुळवून रेकॉर्डरचा आवाज तेवढाच ताणता येतो. मूळ क्लिप मिळत नसतील तर ‘सावधान’च्या आसपास आवाज कापून तिथून पुढचा भाग सरकवा. अक्षता पडताना बँड वाजतोच, त्या गोंगाटात जोड कुणाला ऐकू येत नाही.

१४. व्हिडिओ पुढे ढकलला की सिंक जातं. सुरुवातीपासून पाहिलं तर जात नाही.

आधी पॉज करून पुन्हा चालू करा. बऱ्याचदा तेवढ्याने प्लेअर सावरतो. जुन्या एव्हीआय फाइलींत प्रत्येक फ्रेमवर वेळेचा शिक्का नसतो, प्लेअर मोजून अंदाज बांधतो, आणि त्यातला एमपी३ बदलत्या बिटरेटचा असेल तर तो अंदाज चुकतो. फाइल एमकेव्हीमध्ये नुसती बांधून घेतली (प्रश्न ४ ची पद्धत, डिले शून्य) की नवा इंडेक्स तयार होतो. बहुतेकदा प्रश्न सुटतो, नेहमी नाही.

१५. ४३व्या मिनिटापर्यंत ठीक, तिथून पुढे दीड सेकंदाचा फरक, आणि तो तेवढाच राहतो.

तिथे काहीतरी गळालंय किंवा जोडलंय. टीव्हीवरून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये सिग्नल तुटला की चित्राचा तुकडा जातो आणि आवाज शाबूत राहतो, किंवा जाहिराती कापताना काप नीट बसत नाही. एमकेव्हीटूलनिक्समध्ये फाइल त्या जागी दोन तुकड्यांत कापा, दुसऱ्या तुकड्याला प्रश्न ४ प्रमाणे डिले द्या, मग पुन्हा जोडा. काप नेमक्या त्या सेकंदावर बसेलच असं नाही, जवळच्या की-फ्रेमवर (पूर्ण चित्र साठवलेल्या फ्रेमवर) बसतो.

टीएस फाइलींचा (टीव्ही रेकॉर्डिंग बहुधा याच प्रकारचं असतं) एक विरळा अपवाद आहे. त्यांतला वेळेचा शिक्का ३३ बिटांचा असतो आणि सेकंदाला ९०,००० टिक मोजतो, त्यामुळे दर साडेसव्वीस तासांनी तो पुन्हा शून्यावर येतो. रेकॉर्डिंग त्या क्षणावरून गेलं तर काही प्लेअर गोंधळतात. आवाज अर्धा-एक सेकंद नव्हे तर अख्खाच गायब झाला किंवा वेळपट्टी भलतीच लांब दिसली, तर ही शंका घ्या.

१६. सबटायटल मागेपुढे आहेत, आवाज बरोबर आहे. तेच उपाय चालतील?

फरकाच्या जाती त्याच, बटणं वेगळी. विंडोजवरच्या व्हीएलसीमध्ये ‘जी’ आणि ‘एच’, एमपीव्हीमध्ये ‘झेड’ आणि ‘एक्स’. फरक वाढत जात असेल तर सबटायटल एडिट नावाच्या साधनात पॉइंट सिंक वापरा : सुरुवातीचं एक आणि शेवटचं एक वाक्य जुळवलं की मधली सगळी आपोआप जागेवर येतात.

१७. जुना सिनेमा आहे, काही केल्या ओठ जुळत नाहीत. कुठल्याच आकड्याने नाही.

जुळणार नाहीत. जुने कित्येक मराठी-हिंदी सिनेमे गोंगाट करणाऱ्या कॅमेऱ्यांवर चित्रित व्हायचे आणि संवाद नंतर स्टुडिओत नटांकडून पुन्हा बोलवून घेतले जायचे. थोडी ओढाताण मूळ प्रतीतच आहे. तेलुगू किंवा तमिळ सिनेमाचं हिंदी-मराठी डबिंग असेल तर विचारायलाच नको. अशा वेळी ओठांकडे बघू नका. पावलं, दार, कपबशी यांचे आवाज तपासा. ते जुळत असतील तर फाइल निर्दोष आहे.

१८. इंग्रजी फाइलला दुसऱ्या फाइलमधला मराठी आवाज जोडायचाय. जोडला की भलतीकडेच जातो.

क्रम पाळा. आधी दोन्ही फाइलींची लांबी आणि फ्रेमदर मीडियाइन्फोमध्ये बघा. फ्रेमदर वेगळा असेल तर आधी गती जुळवा (प्रश्न ११), स्थिर फरक त्यानंतर काढा (प्रश्न ४). उलट्या क्रमाने केलंत तर पहिलं काम फुकट जातं. गती सारखी असूनही लांबी वेगळी निघाली तर बहुधा सुरुवातीला निर्मितिसंस्थेची बोधचिन्हं जास्त आहेत किंवा मध्यंतराची पाटी आहे. पाटीपाशी फरक उडी मारतो, तिथे प्रश्न १५. आणि दोन्ही फाइली वेगवेगळ्या कापांच्या असतील, एकीत सेन्सॉरने काढलेली दृश्यं आणि दुसरीत ती शाबूत, तर हा नाद सोडा. दर काही मिनिटांनी आवाज कापत बसावं लागेल.

१९. गणेशोत्सवात मैदानावर प्रोजेक्टर लावतो. पुढे बसलेल्यांना जुळतं, मागचे तक्रार करतात. लॅपटॉपवर तर बरोबर आहे.

फाइलही बरोबर, लॅपटॉपही बरोबर. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटरवर बसलेल्याला तो १०० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. प्रश्न १ मधल्या आकड्यांशी ताडून पाहिलंत तर हे अजून चालण्याजोगं आहे. ५० मीटरवर मात्र ते दीडशेच्या घरात जातं आणि लोक कुजबुजायला लागतात.

सगळे स्पीकर पडद्याजवळ असतील तर आवाज उणे ५० च्या आसपास, म्हणजे थोडा लवकर सोडा. पुढच्या रांगेला आवाज किंचित आधी येईल, ४५ ची हद्द अगदी जराशी ओलांडली जाईल, पण पन्नास मीटरवरचा फरक दीडशेवरून शंभराच्या आत येतो. त्याहून पुढे नेऊ नका, कारण आधी आलेला आवाज लोक सहन करत नाहीत. मैदान लांब असेल तर मध्यावर स्पीकरची दुसरी जोडी उभी करा आणि मिक्सरवर त्या जोडीला अंतराइतका डिले द्या, दर मीटरला साधारण ३ मिलिसेकंद. डिले न देता ती जोडी लावलीत तर मागच्यांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येईल, आणि त्या तक्रारीवर व्हीएलसीतल्या कुठल्याच बटणाचा इलाज नाही.